शनिदेव आणि एसएमपीएस

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला गेमर ग्राफिक्स कार्डावर 40 हजार घालतो, कॅबिनेटमध्ये रंगीत दिवे लावतो आणि एसएमपीएसची, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याची, वेळ आली की विचारतो, ‘कॅबिनेटबरोबर फुकट येतो ना?’ येतो की! वर ठसठशीत ‘450 वॅट’ही छापलेलं असतं, शाईला कुठे वॅट लागतात? शनिशिंगणापुरात परंपरेने घरांना दारं नसतात, कारण राखणदार खुद्द शनिदेव. एसएमपीएसची राखण त्यांनी पत्करल्याचं मात्र ऐकिवात नाही. उसाच्या पट्ट्यात मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज बसतं, बंद झाल्या की उसळतं. तेव्हा 100 ते 240 व्होल्ट झेलणारा, शॉर्टसर्किट होताच स्वतःहून बंद होणारा घ्या. ‘80 प्लस’चा शिक्का कार्यक्षमतेचा, टिकाऊपणाचा नव्हे, वॉरंटीची वर्षंही मोजा. आणि भिंतीतल्या तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची तार खरंच आहे का, ते वायरमनला आधी विचारा.