कळवेकराचा स्विंग

गोल्फ गुरूकडूनच शिकावा म्हणतात. बरोबरच आहे, आपला स्विंग आपल्याला दिसत नाही, चूक दिसते ती दुसऱ्यालाच. पण कळवेकराला गुरू शिकवणार काय? पाय खांद्याइतके फाकवा, गुडघे सैल सोडा, कमरेतून वळा, पाऊल जागचं हलवू नका. सकाळच्या धीम्या लोकलमध्ये पाऊल हलवायला जागा असते कुठे?

नवं काही असेल तर ती पकड. उजवी करंगळी डाव्या तर्जनीवर चढवायची आणि काठी अलगद धरायची, आवळायची नाही. दारात उभं राहणाऱ्याला ही सवय परवडणारी नाही.

मैदान तसं जवळच: ठाण्याला गाडी बदलायची, खारघरला उतरायचं. नियमाने चौदा काठ्यांपर्यंत मुभा आहे, म्हणजे लगेजचा डबा, कोळणीच्या टोपलीशेजारी. आणि तिथे पोचल्यावर कळतं की 108 मिलिमीटरच्या एका भोकासाठी केवढं हिरवंगार रान मोकळं सोडलंय! वन-बीएचकेवाल्याच्या पोटात कालवतं. शिकवणीचा मोठा फायदा मात्र नाकारता येत नाही. तासभर चारी बाजूंना कुणाचा कोपर लागत नाही. फी बहुधा त्याचीच घेत असावेत.