येणे बाकी : एक कवळी

पन्नास दात, वीस चांद्या आणि वरखाली मिळून पूर्ण अशा तीन कवळ्या, एवढा ऐवज मुदतीच्या आत वसूल करून त्यावर अध्यापकांच्या सह्या घेतल्याखेरीज कोणासही परीक्षेस बसू दिले जाणार नाही, असे फर्मान अंतिम वर्षाच्या आरंभी आमच्या फलकावर लागले, तेव्हा माझ्या मनात प्रथम उद्भवली ती भीती नव्हे. एवढ्याशा संख्येत माझे कौशल्य ते काय प्रकट होणार, ही खंत होती. १९२० साली कलकत्त्यास देशातले पहिले दंतमहाविद्यालय काढणारे डॉक्टर रफीउद्दीन अहमद आणि मी, या दोघांच्या दरम्यान दंतवैद्यकाच्या इतिहासात उल्लेखनीय असे फारसे कोणी झाले नाही, अशी त्या काळी माझी प्रामाणिक समजूत होती. शुभ्र कोट चढवून मी आरशासमोर उभा राही आणि समोरच्या इसमास 'आता मुळीच दुखणार नाही हं' असे धीरगंभीर स्वरात सांगत असे. त्या इसमाने कधी तक्रार केली नाही. असा रुग्ण मला पुढे पुन्हा लाभला नाही.

दातांची वसुली फारशी जड गेली नाही, कारण सरकारी दवाखान्यात गाल धरून येणाऱ्यांची रांग कधी तुटत नाही. चांद्यांचेही निभावले, खलात पारा आणि चांदी-कथलाची भुकटी घोटता घोटता मनगट भरून येई, इतकेच. वहीच्या पानावर लाल शाईने 'बाकी' म्हणून जे उरले ते कवळ्यांचे. रस्त्याच्या कडेला फडक्यावर दात मांडून बसणाऱ्या इसमाचा मला त्या वर्षी मनस्वी हेवा वाटे. १९४८ च्या कायद्याने नोंदणीवाचून हा व्यवसाय करण्यास मनाई केली असली, तरी तो निर्वेधपणे बसलेला असे, आणि त्याला कोणाची सही लागत नसे.

कवळीस बोळके लागते, आणि या विषयावर मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आयुष्यात ज्या एकाच शास्त्रात मी खरोखर पारंगत झालो ते हेच. बोळक्याकडे सामान्य माणूस करुणेने पाहतो. कोट्याची वही बगलेत असलेला विद्यार्थी त्याकडे सराफाच्या दृष्टीने पाहतो. सगळी बोळकी सारखी नसतात. वरच्या कवळीस अवघ्या टाळूचे आसन मिळते आणि लाळेच्या एका पातळ थरावर ती चिकटून राहते. खालची मात्र घोड्याच्या नालेसारखी, मध्ये जिभेला वाट ठेवलेली, आणि ती जीभ बोलताना, गिळताना, नुसती स्वस्थ बसलेली असतानाही, कवळीला उठवून लावण्याच्या उद्योगात असते. त्यातून दात गेल्यावर खालच्या जबड्याचा कंगोरा वरच्याहून कितीतरी अधिक झिजतो. म्हणून जाणता विद्यार्थी प्रथम खालचा जबडा पाही. बाजारात बैल घेणारा शेतकरी दात मोजून घेतो. आम्ही ते नसल्याची खात्री करून घेत असू. कीर्तनात बुवांनी विनोद केला की श्रोते बुवांकडे पाहत आणि मी श्रोत्यांकडे. 'हसतील त्यांचे दात दिसतील' ही म्हण मला नेमकी उलट्या बाजूने उपयोगी पडे. लग्नाच्या पंगतीत जिलबी शेजारच्या पोराच्या पानात सरकवून मठ्ठाभातावर समाधान मानणारा वृद्ध दिसला, की माझा घास हातातच राही. आमच्या आजीच्या तोंडी तेव्हा तीन दात उरले होते. ते काढून घेतल्यास तिला बत्तीस देण्याची मी हमी दिली. तिने त्या तीन दातांनी शांतपणे सुपारी फोडली आणि म्हणाली, "आधी तू पास हो, मग बघू." पास होण्यासाठीच ते दात हवे होते, हे तिला पटवताना मी दातांच्या कण्या केल्या, व्यर्थ. एक उत्कृष्ट बोळके मी वसतिगृहाच्या फाटकाशी राखून ठेवले होते, ते एका वर्गमित्राने चहा-भजी चारून फितवले. (भजी त्या गृहस्थांनी नुसत्या हिरड्यांनी खाल्ली, यावरून त्यांना कवळीची गरजच नव्हती, असे माझे आजही मत आहे.)

पन्नासाव्या दाताविषयी मात्र मी आजवर कोणाशी बोललो नाही. भाजी विकणाऱ्या एक बाई होत्या आणि त्यांची खालची दाढ होती. मुळातली नस काढून ती वाचवता आली असती. तो विभाग जिन्याच्या पलीकडे होता. पण तिकडे चार खेपा पडल्या असत्या, आणि चार खेपा म्हणजे चार दिवसांची विक्री बुडणार, हे त्यांनी नव्हे, मीच त्यांना समजावून सांगितले. त्यांनी मान हलवली. दाढ सफाईने निघाली आणि सहीही तत्काळ मिळाली. तो हिशेब मी त्यांच्यासाठी मांडला होता की वहीसाठी, हे मी अनेकदा स्वतःला विचारून पाहिले आहे.

तिसरी कवळी आप्पांची. आप्पा निवृत्त पोस्टमन, पहाटेच्या एस.टी.ने येत आणि कोणाची तार घेऊन आल्यासारखे दारात अदबीने उभे राहत. दातांची बैठक ठरविताना रुग्ण हटकून जबडा पुढे काढतो. म्हणून जिभेचे टोक टाळूच्या मागे लावून तोंड मिटायला सांगावे लागते. आप्पांनी ते एकदाच ऐकले. मेणात रचलेले दात बोलताना आपटतात की काय हे पाहण्यासाठी मी त्यांना एकसष्टपासून आकडे म्हणायला लावले. सहासष्टला खट्‌ असा आवाज झाला. आप्पा थांबले आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागले, की चूक सहासष्टची असावी. सहाव्या खेपेस कवळी त्यांच्या हाती पडली.

परीक्षेच्या दिवशी तीच कवळी घालून आप्पा खुर्चीत बसले. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी गाल ओढून पाहिला, वरची कवळी खेचून पाहिली आणि मग वरच्या वर विचारले, "काय बाबा, बरी बसलीय ना?"

"साहेब," आप्पा म्हणाले, "चणे फोडतो."

परीक्षक हसले, आणि माझी छाती कोटाच्या गुंड्यांना न पेलण्याइतकी फुगली. आरशातल्या इसमाने केलेले माझे मूल्यमापन अखेर शासनमान्य झाले होते.

व्हरांड्यात येताच आप्पांनी पाठ फिरवली, कवळी काढून रुमालात घेतली आणि हलक्या आवाजात विचारले, "डॉक्टर, झाली ना परीक्षा? मग एवढं घासून द्या. फार टोचतंय. चार दिवस धरून ठेवलं होतं. म्हटलं, ऐन वेळी पोराचा खोळंबा नको." खालच्या हिरडीवर नखाएवढा तांबडा व्रण होता.

घासण्यासाठी ते पुढे चार वेळा आले. या खेपांना वहीत रकाना नव्हता, त्यामुळे तिथे सहीचाही प्रश्न नव्हता. चौथ्या खेपेस त्यांनी पिशवीतून फडके काढले, बाकावर सोडले, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मांडली, आणि परीक्षकांना न सुचलेली परीक्षा सुरू केली. मी हात बांधून समोर उभा होतो. आप्पा डोळे मिटून फार वेळ चावत राहिले, मग थांबले, आणि बोटाने गाल दाखवून म्हणाले, "डाव्या अंगाला अजून जरासं, डॉक्टर."

मी पुन्हा यंत्र सुरू केले.