रिफ्रेश

आमच्या कॉम्प्युटरच्या मते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री अजून विलासरावच आहेत. लाईट गेली, इन्व्हर्टरने मान टाकली आणि लाईट परत आली, की त्याच्या उजव्या कोपऱ्यात तारीख उमटते : १ जानेवारी २००८. बायकोचं माहेर लातूर, त्यामुळे तिला या तारखेत काहीच बिघाड दिसत नाही. "चांगला काळ होता," एवढंच म्हणते. मी नांदेडचा. मी तिला सांगतो, त्याच वर्षी डिसेंबरात मुख्यमंत्रीपद लातूरहून नांदेडला आलं, अशोकराव झाले. त्यावर ती म्हणते, "तुमच्या कॉम्प्युटरला विचारा. तो डिसेंबरपर्यंत पोचतो कुठं?"

याचं कारण फार साधं आहे, असं मला नंतर कळलं. मदरबोर्डवर एक चपटा सेल असतो, सीआर २०३२. वीज नसताना घड्याळ तोच चालवतो. तो मेला की यंत्राला आपला जन्मकाळ तेवढा आठवतो. मग बँकेची साइट उघडायला जावं तर ती उघडत नाही, कारण त्या साइटचं प्रमाणपत्र २००८ च्या हिशेबाने अजून निघालेलंच नसतं.

पण तारखेचं दुःख मला नव्हतं. दुःख होतं वेगाचं. बटण दाबून मी अंघोळीला जायचो, देवपूजा उरकायचो, पेपर वाचायचो आणि येऊन बघायचो तर पडद्यावर ते गोल गोल फिरणारं चालूच. आणि मला तर आत्मचरित्र लिहायचं होतं. मराठीचा मास्तर निवृत्त झाला की त्याला दोनच गोष्टी होतात, मधुमेह नाहीतर आत्मचरित्र. मला दुसरं झालं.

आता कुणी म्हणेल, मास्तरला कॉम्प्युटरमधलं काय कळतं. तर सांगतो. एमएससीआयटीत मला ९१ गुण आहेत. परीक्षा पास झालो नाही तर पगारवाढ अडेल या भीतीने मराठवाड्यातल्या अर्ध्या मास्तरांनी माऊस हातात धरला. चाळिशी ओलांडलेली माणसं तो टेबलाच्या कडेपर्यंत न्यायची आणि विचारायची, "आता पुढं जागा नाही, काय करू?" त्या बॅचमध्ये मी पहिला आलो. प्रमाणपत्र फ्रेम करून बैठकीत वडिलांच्या फोटोशेजारी लावलंय. शाळेत प्रिंटर अडला की शिपाई धावत यायचा, "सरांना बोलवलंय." मी जायचो, चष्मा कपाळावर सारायचो, माऊस हातात घ्यायचो आणि रिफ्रेश मारायचो.

रिफ्रेशबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे, कारण माझी सगळी विद्या तीच. डेस्कटॉपवर मोकळी जागा बघायची, उजवं बटण, रिफ्रेश. परत उजवं बटण, रिफ्रेश. चित्रं एकदा लुकलुकतात आणि वाटतं, आत काहीतरी हललं. हे आम्हाला शिकवलं कुणी? पुस्तकात असा धडा मला तरी आठवत नाही. पण तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांना ते येतं. सातबारा काढायला जा, ऑपरेटर आधी रिफ्रेश मारणार आणि मग तुमच्याकडं बघणार. "सर्व्हर डाऊन आहे" हे वाक्य रिफ्रेश मारल्याशिवाय उच्चारायचं नाही, असा शासन निर्णयच निघालेला असावा. संध्येच्या आधी आचमन, तसं कामाच्या आधी रिफ्रेश : केशव, नारायण, माधव. तीनदाच. चौथ्यांदा मारणारा एकतर नवशिका असतो नाहीतर घाबरलेला.

यात पंथही आहेत. उजव्या बटणाचा जुना, कर्मठ पंथ. एफ पाच दाबणाऱ्यांचा सुधारक पंथ. आमच्या शाळेतले एक सहकारी या दुसऱ्या पंथातले. त्यांच्या कीबोर्डवरचं त्या बटणाचं अक्षर पुसून गेलं होतं, बाकी सगळी अक्षरं कोरी करकरीत. तिसरा पंथ बोलता बोलता रिफ्रेश मारणाऱ्यांचा, त्यांना आपण मारतोय हेही ठाऊक नसतं. माझा लातूरचा मेव्हणा यातला. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा हा गडी रोज पहाटे उठून घरातली तोटी उघडायचा आणि बंद करायचा. नळाला पाणी नाही हे त्याला ठाऊक होतं. मी विचारलं तर म्हणाला, "बघावं लागतंय दाजी."

वास्तविक रिफ्रेश म्हणजे काय? डेस्कटॉपवर काय काय आहे याची यादी नव्याने वाचायची आणि चित्रं परत काढून दाखवायची. संपलं. रॅम मोकळी होत नाही, प्रोसेसरला विसावा मिळत नाही. उलट दमलेल्या यंत्राला अजून एक काम लागतं. हे कळल्यावरही माझं बोट थांबत नाही. आपल्याकडं वाट बघण्याची सवय लहानपणापासून लागते. पाऊस, एसटी, निकाल, पीक विम्याचे पैसे. नुसतं बसून वाट बघणं जड जातं, हाताला काहीतरी चाळा पाहिजे.

तर मेव्हण्याला फोन केला. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, आमच्या मेव्हण्याच्या डोक्यात उपायही तेवढेच. "दाजी, व्हायरस असंल. टेम्पमधलं सगळं उडवा. नाहीतर सरळ फॉरमॅट मारा." फॉरमॅट मारा हा आमच्याकडचा सार्वत्रिक सल्ला आहे. ज्याला काहीच कळत नाही तो रिफ्रेश मारतो, ज्याला थोडं कळतं तो दुसऱ्याला फॉरमॅट मारायला सांगतो. शेवटी तोच म्हणाला, "तुमच्या नांदेडातच एक पोरगा हाय. त्याला डॉक्टर म्हणतेत."

डॉक्टर आला. पंचविशीचा असेल. कंधारकडचा. पाठीवर सॅक, हातात ब्लोअर. मी त्याला माझं निदान सांगू लागलो : व्हायरस, रजिस्ट्री, डीफ्रॅग. मध्येच ९१ गुणांचाही उल्लेख झाला. तो ऐकत होता की नाही कळेना, कारण त्याने कान कॅबिनेटला लावला होता.

"सर, शेवटचं कवा उघडलं होतं ह्ये?"

"उघडायचं असतं?"

त्याने चार स्क्रू काढले. म्हणजे दोनच, दोन आधीच बेपत्ता होते. झाकण बाजूला झालं आणि बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आधी अंगणात न्या ते." वरचा थर राखाडी, मऊ, आमच्या घरचा. त्याच्या खाली तांबूस थर. तो मी ओळखला. २००८ मध्ये शिखांच्या गुरू-ता-गद्दीला तीनशे वर्षं होणार म्हणून आख्खं नांदेड खोदून ठेवलेलं होतं. रस्ते रुंद झाले, पूल झाले, शहराचा नूर पालटला. ती सगळी कामं सुरू असतानाच आम्ही हा कॉम्प्युटर घेतला आणि खिडकीखाली मांडला. शहराला रस्ते मिळाले आणि आम्हाला माती. पंख्याच्या पात्याशी एक वाळलेली पाल होती. ती कोणत्या थरातली, यावर मी काही बोलणार होतो, पण डॉक्टरने ब्लोअर चालू केला.

मग त्याने माझ्याकडं खोडरबर मागितलं. इतक्या वेळात माझ्या अधिकारातली एवढी एकच गोष्ट निघाली. त्याने रॅमची पट्टी उपसली, तिच्या सोनेरी कडेवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवलं, काळं निघालं, फुंकर मारली, पट्टी परत टक्‌कन बसवली. प्रोसेसरवरचा पंखा काढला. खालची पेस्ट वाळून तिचे पापुद्रे झाले होते. ते स्पिरिटने पुसून त्याने मधोमध नव्या पेस्टचा एक थेंब ठेवला. म्हणाला, ही वाळली की उष्णता बाहेर पडत नाही, आणि प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून आपणच वेग कमी करतो. नांदेडचा मे महिना, ४३ अंश. मला त्या प्रोसेसरबद्दल आदर वाटला. आमच्या शिक्षक संघटनेत हा गुण कुणातच नव्हता.

"पण मेन दुखणं ह्ये न्हाई सर. हार्डडिस्क हाय. ऐका."

मी कान लावला. आतून बारीक टक्‌ टक्‌, मध्येच थांबून परत टक्‌.

"रॅम दोन जीबी. ती भरली की विंडोज हार्डडिस्कवर लिवायलंय. आन् डिस्कवर बॅड सेक्टर झालेत. एखादी जागा वाचता आली न्हाई की तीच परत वाचती. परत न्हाई आली, परत." तो हसला. "ती बी रिपीटर हाय सर."

रिपीटर हा शब्द आमच्या दोन्ही जिल्ह्यांत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मी मास्तरच, लगेच विचारलं, "मेडिकलची नीट कितीदा दिलीस?" वर हेही विचारलं, "किती पडले होते?" सातशेवीसपैकी किती, हा आमच्याकडं तब्येत कशी आहे याच्याइतकाच सहज प्रश्न आहे. त्याने स्क्रू फिरवता फिरवता आकडा सांगितला. बारावीनंतर लातूरला दोन वर्षं. एका खोलीत चौघं, मेसचा डबा, पहाटेपासून पेपर सोडवणं. बापाने सोयाबीन विकलं की पैसे यायचे आणि भाव पडला की उशिरा यायचे. खोलीच्या खाली कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. रात्री झोप लागेना म्हणून तो तिथं जाऊन बसायचा. दुकानदाराने एक दिवस हातात स्क्रूड्रायव्हर दिला.

"आन् गावाकडं?"

"आई सांगती, पोरगा डॉक्टर झाला म्हणून. लोक बी तेच म्हणतेत, तिला वाटतंय खरंच. गावी गेलो की चार जण ताप आला म्हणून येतेत. मी पॅरासिटामॉल देतो आन् तालुक्याला जा म्हणतो."

मी हसलो. तोही हसला. पण मला आतून राग यायला लागला होता आणि तो कुणावर काढावा कळेना. लातूर पॅटर्न म्हणून आम्ही नांदेडवाले कायम नाक मुरडत आलो : पोरांना घोटायचं, पेपरावर पेपर, पाठांतर. आणि वर्गातलं जे पोर जरा हुशार दिसेल त्याला मीच सांगायचो, "लातूरला जा." नंतर नांदेडातच क्लास निघाले तर "इथंच राहा" म्हणायला लागलो, एवढाच फरक. तीस वर्षं मराठी शिकवली. निबंधाचा विषय दिला, 'मी कोण होणार', आणि डॉक्टर लिहिणाऱ्याला एक गुण जास्त दिला. मेकॅनिक लिहिणाऱ्याच्या वहीत शुद्धलेखनाच्या चुका मोजल्या. हा पोरगा नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखत होता. आमच्याकडं ते मोजायला फूटपट्टी नव्हती.

त्याने दोन-अडीच हजारांत २४० जीबीची एसएसडी बसवली. हिच्यात फिरणारी तबकडी नाही, त्यामुळे टक्‌ टक्‌ही नाही. रॅम चार जीबी केली. त्याच्यावर हा मदरबोर्ड घेत नाही. सेल बदलला, तारीख आजची लावली. बायकोने येऊन कोपऱ्यात बघितलं आणि काही न बोलता आत गेली.

"विंडोज अकरा टाकता येईल का?"

"ह्याला चालत न्हाई सर. टीपीएम लागतंय, प्रोसेसर नवा लागतोय. दहाचा सपोर्ट तर १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला."

"म्हणजे निवृत्त."

"हाव. आन् पेन्शन बी न्हाई. बँकेचं काम ह्याच्यावर करू नका. लिवायला चालंल."

लिहायला! मी खुर्ची पुढं ओढली. जुन्या डिस्कवरचं सगळं त्याने नवीवर घेतलं होतं आणि आत्मचरित्राचं फोल्डर उघडून तो बराच वेळ बघत होता. 'आत्मचरित्र अंतिम'. 'आत्मचरित्र अंतिम सुधारित'. 'खरे अंतिम'. 'खरे अंतिम प्रस्तावनेसह'. अशी यादी खाली खाली जात होती.

"सर, ह्ये सगळं एकच हाय. पहिलं प्रकरण. बाकीचं उडवू का?"

"नको. त्यात फरक आहेत."

त्याने एक फाईल उघडली. ती जुन्या फॉण्टातली, युनिकोडच्या आधीची. त्या फॉण्टात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असायची, आणि फॉण्ट तर नव्या डिस्कवर आलाच नव्हता. माझं बालपण पडद्यावर डॉलर, टक्के आणि उलट्या प्रश्नचिन्हांत सांडलेलं होतं. त्याने मान तिरकी करून वाचायचा प्रयत्न केला. "भारी लिवलंय सर," म्हणाला. मी ते गंभीरपणे घेतलं. सीडी सापडल्यावर फॉण्ट टाकता येतो, पण खरं म्हणजे हे सगळं युनिकोडमध्ये उतरवून घ्यायला पाहिजे. माझं तर आहेच, पण त्या काळात मराठवाड्यात डीटीपीवर छापलेले दिवाळी अंक, स्मरणिका, प्रबंध असेच पडून असतील कुठल्या कुठल्या हार्डडिस्कांवर, टक्‌ टक्‌ करत. इंटरनेटवर शोधलं तरी ते सापडायचे नाहीत. त्यात माझे लेख नाहीत हे खरं, पण असू शकले असते.

पैसे देताना तो घुटमळला. म्हणाला, "मजुरीचं ऱ्हाऊ द्या. एक काम हाय. दुकान टाकायलोय तरोडा नाक्याला. बोर्ड लिवून द्या. शुद्ध पाहिजे."

एवढ्या वर्षांत मला कुणी काही लिहून मागितलं नव्हतं. मी लगेच कागद घेतला. 'संगणक आरोग्यधाम', 'यंत्रसंजीवनी', 'डॉक्टर कॉम्प्युटर, आजार कोणताही असो'. त्याने सगळे वाचले.

"डॉक्टर नको सर."

"अरे, लोक तुला त्याच नावाने ओळखतात."

"नको."

शेवटी 'कॉम्प्युटर दुरुस्ती' एवढंच ठरलं. सॅक पाठीवर टाकून तो गेला आणि मी टायपायला बसलो. कॉम्प्युटर आता बटण दाबलं की लगेच उघडतो, अंघोळीला जायला वेळच मिळत नाही. मजकूर दोनच शब्दांचा आहे, पण 'दुरुस्ती' पुरेसं वाटत नाही, 'दुरुस्ती केंद्र' जड होतं, आणि खाली एक ओळ हवी का यावर माझं एकमत होत नाही. पेंटर दोनदा येऊन गेला. त्याला सांगितलंय, 'बोर्ड अंतिम' तयार आहे, 'बोर्ड खरे अंतिम' उद्यापर्यंत देतो.