तिकीट काढून नतमस्तक

टूर कंपनीची टोपी घालून गाइडच्या छत्रीमागे धावणाऱ्यांपेक्षा आपण वेगळे, हे सिद्ध करण्याची ज्यांना सतत निकड असते, त्यांच्यात माझा नंबर बराच वरचा आहे. अशी माणसं इटलीत पिसाचा मनोरा मुद्दाम टाळतात, भाड्याची गाडी घेतात आणि प्रवासाला एक ‘थीम’ लावतात. माझी लाडकी थीम म्हणजे कॅथलिक तीर्थस्थानं आणि दुसऱ्या महायुद्धाची संग्रहालयं, एकाच फेरीत. ‘यांचा काय संबंध?’ असं समोरच्याने विचारावं, म्हणूनच ती थीम असते. पण मिरवणं बाजूला ठेवलं तरी संबंध उरतोच, कारण मुळात या दोन वेगळ्या जागा नाहीत. दोन्हीकडे काचेच्या पेटीत कुणाचं तरी हाड नाहीतर हेल्मेट असतं, दोन्हीकडे आवाज खाली आणायचा असतो, हात लावायचा नसतो, आणि बाहेरची वाट दुकानातूनच जाते.

लोरेतो घ्या. (इथे मी रेंगाळणार, लोरेतोचा विषय निघाला की मला आवरत नाही.) एड्रियाटिक समुद्राजवळच्या टेकडीवर मोठी बॅसिलिका, तिच्या आत कोरीव संगमरवराचं कवच, आणि कवचाच्या आत साध्या दगडांच्या तीन भिंतींचं एक खोलीएवढं घर. श्रद्धा अशी की हे नाझरेथमधलं मेरीचं घर. क्रूसेडवाल्यांची तिथली सत्ता संपली तेव्हा, 1291 मध्ये, देवदूतांनी ते उचललं, आधी आजच्या क्रोएशियात नेऊन ठेवलं, तिथे काही जमलं नाही म्हणून 1294 मध्ये इटलीत आणलं. पागडीच्या खोलीत जन्म काढलेल्या मुंबईकराला यात अशक्य काही वाटणार नाही. ना-हरकत पत्र कुणी दिलं, एवढंच तो विचारेल. दगड जहाजातून आले असावेत, असं काही अभ्यासक म्हणतात. म्हणोत बापडे. चर्चने काढलेला निष्कर्ष मात्र तर्काला धरून आहे. ज्या अर्थी घर उडालं, त्या अर्थी लोरेतोची माता वैमानिकांची रक्षणकर्ती. 1920 मध्ये पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी तसं रीतसर जाहीरही केलं. पण खरं पाहावं ते कवचाभोवतीच्या पायऱ्यांवर. गुडघ्यांवर प्रदक्षिणा घालणाऱ्या भाविकांनी त्या संगमरवरात दोन चर पाडलेत, रांगोळीच्या रेघेसारखे नव्हे, चांगले खोल. आपल्या प्रेक्षकांचा असा पुरावा एकाही युद्धसंग्रहालयाला दाखवता येणार नाही.

यावर शहाणा आक्षेप असा, की तीर्थस्थान श्रद्धेवर चालतं आणि संग्रहालय पुराव्यावर. दोघांना एका माळेत ओवणं हा उथळपणा. मग मोंते कासिनोचं काय करायचं? 529 च्या सुमारास संत बेनेडिक्ट यांनी स्थापलेला हा मठ. फेब्रुवारी 1944 मध्ये तिथे चढाई करायची होती चौथ्या भारतीय डिव्हिजनला. मठाच्या बांधकामाची माहिती लष्कराकडून मिळेना, तेव्हा डिव्हिजनचे प्रमुख टकर यांनी नेपल्सच्या पुस्तकांच्या दुकानांतून 1879 चं एक पुस्तक मिळवलं. त्यात निघालं, की भिंती निदान दहा फूट जाड आहेत. प्रवासाआधी दुर्मीळ पुस्तकं वाचल्याचा टेंभा मिरवणाऱ्यांनी, म्हणजे मी, हे ध्यानात ठेवावं, की त्या वाचनातून मागणी निघाली ती जबर बाँबची. 15 फेब्रुवारीला दोनशेहून अधिक विमानांनी मठ जमीनदोस्त केला. आत जर्मन दबा धरून आहेत, अशी दोस्तांच्या बऱ्याच अधिकाऱ्यांची श्रद्धा होती. आत होते मोजके संन्यासी आणि आसऱ्याला आलेले गावकरी. जर्मन नंतर आले, ढिगाऱ्यात मोर्चे बांधायला, आणि मठ हाती यायला 18 मे उजाडला. लोरेतोची माता बाँबफेकीच्या दिवशी कुणाच्या बाजूने होती, ते तिलाच ठाऊक. आज दिसतो तो मठ युद्धानंतर बांधलेला, आणि खाली गावातलं युद्धाचं संग्रहालय घडवलं कार्लो रांबाल्दींनी, स्पीलबर्गचा ई.टी. घडवणाऱ्यांनी. श्रद्धा आणि पुरावा यांची वाटणी आता ज्याची त्याने करावी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तीर्थस्थानात माणूस स्वतःसाठी मागतो, संग्रहालयात इतरांची आठवण ठेवतो, असं म्हणतात. पण आठवण कुणाकुणाची? इटलीच्या युद्धाच्या गोष्टीत ‘भारतीय तुकड्या’ हे दोन शब्द येतात आणि गोष्ट पुढे सरकते. 10 जुलै 1944 रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे पडले किंवा जखमी झाले. ते एकटे मशीनगनवर धावून गेले, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून टॉमीगन नळीकडून धरून त्यांनी शेवटचे दोघे लोळवले. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय 22. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. नाव कासिनोच्या स्मारकावर आहे, आणि मोंतोने गावात 2023 मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभं राहिलं. तिथवर जाऊन हे सगळं पाहण्याची हौस मला आहे, आणि परत आल्यावर चारचौघांत सांगण्याची त्याहून जास्त.

पण घाडगे रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले, आणि माणगावच्या तहसील कचेरीपाशी त्यांचा पुतळा आहे. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला निघालेली आपली गाडी त्याच माणगावात अडकते आणि आपण रस्त्याला शिव्या घालत बसतो. पुढच्या खेपेला शिव्या अर्ध्यावर सोडा, खाली उतरा आणि पुतळा पाहून या. तोवर गाडी काही हलणार नाही.