एका रात्रीची राहुटी

गरिबीत राहायचं तर हल्ली माणशी १,८०० रुपये पडतात. शनिवार धरून गेलात तर २,२००.

आमच्या सोसायटीतल्या चार जोडप्यांनी ते भरले आणि डिसेंबरात आम्ही वाईजवळ कृष्णेच्या काठी तंबूत राहायला गेलो. जाहिरातीत ‘अस्सल ग्रामीण अनुभव’ असं लिहिलं होतं. अस्सल म्हणजे नेमकं काय, हे मी फोन करून विचारलं. पंखा नाही, पलंग नाही, बंबातलं गरम पाणी माणशी एक बादली, चुलीवरची भाकरी. म्हणजे माझ्या आजोळी जे जे होतं आणि ज्याला कंटाळून मामा ठाण्याला पळून आला, ते सगळं. आजीने फक्त त्यावर जीएसटी लावला नव्हता.

पॅकेजात इतिहासही होता. मेणवली अगदी जवळ. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागे कृष्णेवरचा चंद्रकोरी घाट, आणि घाटावर टांगलेली ती घंटा. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधून आलेली. तिच्यावर १७०७ हा आकडा आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. पोर्तुगिजांची घंटा महादेवापाशी इतकी वर्षं मुकाट नांदते आहे. आमच्या सोसायटीत पार्किंगवरून दोन विंग बोलत नाहीत. आमचा मार्गदर्शक मुलगा मात्र घंटेपाशी थांबला नाही. ‘इथं स्वदेसचं शूटिंग झालं,’ एवढं सांगून त्याने सगळ्यांना पायऱ्यांवर फोटोला बसवलं.

मला राहून राहून नानांची आठवण येत होती, ती बिलामुळे. फडणीस म्हणजे हिशेबाचा माणूस. आमचं बिल त्यांच्या पुढ्यात गेलं असतं, तर कारभाऱ्याची धडगत नव्हती. शेकोटीची लाकडं, एक भारा : ३००. झुणका, जादा वाटी : १२०. काजवे : समाविष्ट (हंगामात). शांतता : समाविष्ट. शांततेचा हंगाम रात्री दहानंतर सुरू होत असावा, कारण तोवर शेजारच्या तंबूतले लोक स्पीकर लावून निसर्गाला झिंगाट ऐकवत होते. दहानंतर नदी ऐकू येईल म्हणून मी कान लावून बसलो. नदी दिसली, ऐकू नाही आली. वर धोम धरण आहे. तिथून पाणी सोडतील तेव्हा ती बोलणार.

आणि नानांना तंबूचं काय कौतुक असणार? १७६१ साली, विशीही गाठली नव्हती तेव्हा ते पानिपतच्या छावणीत होते आणि तिथून कसाबसा जीव घेऊन परतले. छावणी हा शब्द आपल्याकडे मुळात हौसेचा नाहीच. याच सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात, २०१९च्या दुष्काळात गुरांच्या चारा छावण्या होत्या. गुरांबरोबर माणसंही ताडपत्रीखाली मुक्कामाला. पंखा नाही, पलंग नाही. अनुभव अगदी अस्सल, पण ऑनलाइन बुकिंग नव्हतं.

पहाटे पाचला थंडीने जाग आली. पाठीखालचा दगड रात्रभर ग्रामीण अनुभव देत होता. बाहेर आलो तर नदीच्या वरच्या अंगाला धूर दिसला. ऊसतोड कामगारांच्या कोप्या. बांबूच्या कमानी, वर पाचट, त्यावर निळा कागद. आमच्या तंबूंसारखाच आकार, रांगही तशीच. पुरुष मंडळी फडात निघाली होती. एक बाई कळशी घेऊन पाण्यावर आली. माझं मफलर, बायकोची शाल, मागची तंबूंची ओळ तिने नीट न्याहाळली.

‘कोन्त्या कारखान्याची टोळी?’

‘टोळी नाही हो. असंच राहायला आलोय.’

तिने बोटाने तंबू मोजले. ‘चार कोयते दिसतेत.’ नवरा-बायको मिळून एक कोयता, हे मला ठाऊक होतं. आमच्या लग्नाला इतक्या अचूक शब्दात कुणी बसवलं नव्हतं, एवढंच. ‘उचल किती दिली मुकादमानं?’

‘उचल आम्हीच दिली,’ बायको म्हणाली.

‘कुनाला?’

‘मुकादमालाच म्हणा ना. आधी भरले तेव्हा जागा मिळाली.’

‘अन् तोडायचं काय?’

‘काही नाही.’

बाईने कळशी दगडावर ठेवली. आमची चेष्टा चालली आहे की काय, हे तिने आमच्या तोंडाकडे पाहून एकदा पडताळलं. मग कोप्यांकडे वळून, बैलांना जू लावणाऱ्या नवऱ्याला मोठ्याने हाक मारली.

‘अवो, गाडी ऱ्हाऊ द्या जरा. इकडं या, हे बघून जा.’