दोन टिंबं आणि एक आडनाव

मराठीत लेखक व्हायला दोन टिंबं आणि एक आडनाव लागतं. प्रतिभेचं नंतर बघता येतं. पु. ल., व. पु., द. मा., चिं. वि., श्री. ना. ही अक्षरं नुसती कानावर पडली तरी माणूस खुर्चीत जरा सावरून बसतो. नुसत्या 'पुरुषोत्तम देशपांडे'कडे मी सोसायटीच्या पाण्याची तक्रार घेऊन गेलो असतो.

या प्रांतात बढतीचे टप्पेही ठरलेले आहेत. आधी आडनाव गळतं, पु. ल. देशपांडे यांचे नुसते पु. ल. होतात. मग टिंबं गळतात आणि डोक्यावर अनुस्वाराचा तुरा लावून पुलं उरतात. शंकर नारायण नवरे यांचे असेच शन्ना झाले, गोपाल नीलकंठ दांडेकरांचे गोनीदा. माडगूळकरांनी तर जाता जाता आडनावाचाही तुकडा आत ओढून घेतला आणि गदिमा झाले. वसंत पुरुषोत्तम काळे त्याच्याही पुढे गेले, पुस्तकाचंच नाव 'वपुर्झा'. आपली अक्षरं पुस्तकाच्या नावात घालावीत आणि लोकांनी ते पुस्तक लग्नात भेट म्हणून द्यावं, याहून मोठा सन्मान मला तरी माहीत नाही.

माझी आद्याक्षरं का. ना. काशिनाथ नारायण. आडनाव मुद्दाम सांगत नाही. ते एका अवयवावरून आलेलं आहे आणि का. ना.च्या पुढे बसलं की मराठीतला एक छान वाक्प्रचार जवळजवळ पुरा होतो. संपादकांनी माझ्या लेखांच्या बाबतीत आयुष्यभर तोच केला. एका दिवाळी अंकात लेख आला तेव्हा अक्षरजुळणी करणाऱ्याने टिंबांनंतर जागा सोडली, ओळ संपली आणि 'का.' वर राहून 'ना.' खाली उतरला. आधी प्रश्न आणि खाली नकार. लेखावरची सगळ्यात नेमकी समीक्षा तीच होती.

तरी मी हट्ट सोडला नाही. सही का. ना., दारावरची पाटी का. ना., गॅसच्या पुस्तकावरही का. ना. पुढेमागे कोणी चरित्र लिहायला घेतलं तर कागदपत्रांत एकवाक्यता असावी.

माझी भाची सध्या एमपीएससीचा अभ्यास करते. तिच्या गाईडात 'साहित्यिक व त्यांची पूर्ण नावे' असं एक प्रकरण आहे. ते मी तिच्याआधी वाचून काढलं. माझं नाव नव्हतं, पण त्यावरून पुढे मला जे गवसलं त्यापुढे ते दुःख काहीच नव्हे.

वि. स. खांडेकरांचं जन्मनाव गणेश आत्माराम. दत्तक गेले आणि विष्णू सखाराम झाले. वि. वा. शिरवाडकर जन्मले गजानन रंगनाथ म्हणून. तेही दत्तक गेले आणि विष्णू वामन झाले, म्हणजे विष्णू तर विष्णू, वर त्याचा एक अवतारही. दोघेही जन्माने गणपती, दत्तकविधानाने विष्णू, आणि दोघांनाही ज्ञानपीठ, एकाला 1974चं, दुसऱ्याला 1987चं. योगायोग म्हणाल. तर मग 2003चं ज्ञानपीठ विंदा करंदीकरांना. पूर्ण नाव गोविंद विनायक. विष्णूही आहे, गणपतीही आहे आणि दत्तक जायची खटपट वाचलेली. नेमाड्यांनी टिंबांची परंपरा मोडली, ते सरळ भालचंद्र नेमाडे म्हणूनच लिहितात, हे मला क्षणभर अडचणीचं वाटलं. पण भालचंद्र म्हणजे कोण? संकटनाशन स्तोत्रातल्या गणपतीच्या बारा नावांपैकी एक! 2014.

हे मी भाचीला एका दमात सांगितलं. ती म्हणाली, "मामा, हे परीक्षेला येत नाही."

न येवो. मी माझी पत्रिका मांडून पाहिली. नारायण म्हणजे विष्णू, ती बाजू पक्की. काशिनाथ म्हणजे गणपतीचे वडील. एका पिढीने हुकलं! दत्तक जाऊन दुरुस्ती करता आली असती, पण पेन्शन घेणाऱ्या माणसाला मांडीवर कोण घेणार?

बाकी अक्षरांचा हा कारभार लहरीच आहे. मराठी माणसाला इतकं हसवणाऱ्या गडकऱ्यांची अक्षरं रा. ग. म्हणजे चक्क राग. धारवाडला इंग्रजी शिकवणाऱ्या गुरुनाथ आबाजी कुलकर्णींनी इंग्रजी अक्षरं घेतली आणि जी. ए. झाले हे फार बरं केलं. गु. आ. कुलकर्णी या नावाखाली 'काजळमाया' वाचताना अंगावर काटा आला नसता.

पण एवढ्या सगळ्या टिंबांत बाई कुठे आहे? दुर्गा भागवत, इंदिरा संत, कमल देसाई, गौरी देशपांडे, सगळ्या आख्ख्या नावानिशी. 'शान्ता ज. शेळके' असं छापलेलं दिसतं, पण तिथेही आधी पुरी शान्ता. 1975 साली कऱ्हाडच्या संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलणाऱ्या दुर्गा नारायण भागवतांना 'दु. ना.' असं कोणी म्हटलं नाही. पुरुषाचं नाव झाकलं की त्याला वजन येतं. बाईचं उघडं ठेवायचं आणि वर 'बाई' जोडून खात्री करून द्यायची. पुलंना घरोब्याचे लोक भाई म्हणत, समीक्षेत नाही. समीक्षेत दुर्गाबाई, इंदिराबाई. मला याचा रा. ग. येतो.

आणि येतो तो काही परोपकारातून नाही. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर म्हणतात; आम्ही टिंबवाले जन्मभर बाप दाखवत असतो. माझे वडील अग्रलेखापलीकडे काही वाचत नसत. माझा लेख आला की अंकाची किंमत तेवढी बघायचे. खर्डे वाचायची आई. पोळ्या आटोपल्या की ओट्याशी उभी राहून, पीठ लागलेल्या बोटाने नाही तर कोपराने कागद दाबून धरत, ती माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारायची. 'परंतु' फार झाले म्हणायची. छापून आलेल्या ओळी न् ओळीत ती आहे आणि नावात मात्र ना. आहे, ज्यांनी किंमत बघितली.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःच्या नावानंतर आईचं आणि मग वडिलांचं नाव लिहायचं, असं महाराष्ट्र सरकारने ठरवलं. ज्येष्ठ नागरिकांना ते लागू नाही. मी ते घरच्या घरी लागू करून घेतलं. आईचं नाव विमल.

वि.!

ज्यासाठी दत्तक जायला निघालो होतो तो वि. ओट्याशीच उभा होता. सरकारी रीतीने मी का. वि. ना. झालो असतो, पण आईला मधल्या बाकावर बसवायचं माझ्या जिवावर आलं. तिचं अक्षर आधी, मग माझं, आणि वडिलांनी आता विश्रांती घ्यावी. वि. का. थेट इतिहासाचार्य राजवाडे यांची अक्षरं! मी नवी सही करून भाचीपुढे धरली.

तिने ती टिंबं न थांबता वाचली. "घ्याच मामा," म्हणाली. "पुस्तकाचं काय करायचं ते दुकानदाराला एकदाचं कळेल तरी."