शेगडीवाले भाऊजी

सहलीला कुठं जायचं, कधी जायचं, कोण कोण येणार, यातलं काहीही ठरायच्या आधी 'शेगडी कोणती न्यायची' यावर बैठक मारणारा एक माणूस देव प्रत्येक घराला देतो. तुमच्याकडं तो काका असेल, साडू असेल, नाहीतर ऑफिसात शेजारच्या टेबलावर असेल. आमच्याकडं तो जावई आहे, म्हणजे तोंड उघडायची सोयच नाही. वऱ्हाडात जावयाला पाट, ताट आणि मान द्यायची रीत आहे. सल्ला द्यायची नाही.

भाऊजी राहतात अकोल्याला, आम्ही अमरावतीला. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी मोबाईलवर अमेरिकेतली माणसं बघायला सुरुवात केली. ही माणसं गाडीमागं चाकांचं घर जोडतात, तळ्याकाठी नेऊन उभं करतात, घडीची शेगडी उघडतात आणि तिच्या जाळीवर काहीबाही भाजत सूर्यास्त बघतात. आपल्याकडं गाडीमागं जोडायची चीज म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली. तिच्यात कापूस जातो, नाहीतर लग्नाचं वऱ्हाड जातं. पण २०२१ साली महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि भाऊजींना ती स्वतःच्या नावानं आलेली चिठ्ठीच वाटली. पेपरातलं कात्रण त्यांनी पासबुकात घालून ठेवलं.

"आता गाडी घेता का काय?" ताईनं धसक्यानं विचारलं.

"गाडी मागून पाहू. आधी शेगडी."

तेव्हापासून शेगडी ठरते आहे. कोळशाची घ्यावी तर राखेचा लोंढा. गॅसची घ्यावी तर सिलिंडर केवढा? घरचा १४.२ किलोचा डिक्कीत आडवा टाकता येत नाही, ५ किलोचा छोटा चालेल, पण तो उभा ठेवला तर डब्यांची पिशवी कुठं जाणार? मग टेप निघतो, डिक्की मोजली जाते. गेल्या वेळच्या मापापेक्षा ती तसूभरही वाढलेली नसते, हे पाहून भाऊजींना दर वेळी वाईट वाटतं. एवढं सगळं जमत आलं, समोरचा माणूस 'चला, एकदाचं ठरलं' म्हणून चहाचा कप उचलतो, तेवढ्यात भाऊजी खिशातून रुमाल काढतात, दोन बोटांच्या चिमटीत उंच धरतात, तो कुठल्या बाजूला फडफडतो ते निरखतात आणि म्हणतात, "पन हवेचं काय, राजेहो?"

हवा म्हणजे वारा. या प्रश्नावर आजवर एकही शेगडी टिकलेली नाही.

एकदा मला घेऊन ते अकोल्यातल्या भांड्यांच्या एका दुकानात गेले. दुकानदारानं मोठ्या हौसेनं ब्रीफकेससारखी घडी होणारी शेगडी काढली. बाजूच्या कप्प्यात कीटकनाशकाच्या डब्याएवढा ब्यूटेनचा कॅन बसवायचा, खटका दाबायचा, की निळी ज्योत. भाऊजींनी ज्योतीकडं पाहिलं आणि वर पाहिलं.

"पंखा लावा."

दुकानदारानं लावला.

"पाचवर करा."

ज्योत आधी वाकली, मग पिवळी पडली, मग फक् करून गेली. भाऊजींनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मीच ती विझवली. दुकानदार म्हणाला, "भाऊ, तुम्ही शेगडी घेऊन राह्यले का पंखा?" आम्ही दोन्ही घेतलं नाही. कॅन मात्र बराच संपवून आलो.

एरवी माणूस अभ्यासू. बीटीयूवर बोलायला लागले की जेवण थंड होतं. एक किलोवॅट म्हणजे तासाला ३४१२ बीटीयू, आणि अमेरिकेतल्या फिरत्या घराबरोबरची शेगडी दहा हजारांच्या आसपास, म्हणजे साधारण तीन किलोवॅट. हा हिशेब त्यांनी माझ्या मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांना पंगतीत बसवून सांगितला. व्याही पाणीपुरवठ्यातले; त्यांना वाटलं, ही नवी मोटर आहे. शिकागोच्या जॉर्ज स्टीफनची गोष्ट तर भाऊजी आरतीसारखी म्हणतात. हा गृहस्थ वेबर ब्रदर्सच्या पत्राकामाच्या कारखान्यात होता. तिथं पाण्यावर तरंगणारे बोये तयार व्हायचे. अंगणात मांस भाजताना वारा राख उडवायचा, म्हणून वैतागून १९५२ मध्ये त्यानं एक बोया मधोमध कापला. खालच्या अर्ध्यात निखारा, वरचं अर्धं झाकण. "पाह्यलं? त्यालेही हवेचाच तरास होता!" हे म्हणताना भाऊजींच्या चेहऱ्यावर सख्खा चुलतभाऊ सापडल्याचा आनंद असतो. फरक इतकाच, की स्टीफननं बोया कापला, आणि भाऊजी अजून कुठला बोया घ्यावा ते बघताहेत.

जून २०२२ मध्ये आमच्या अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. सगळा जिल्हा त्याच गप्पांत होता. त्याच आठवड्यात भाऊजी बिडाची जाळी की स्टेनलेस स्टीलची, यावर विचार करत होते. बीड उष्णता धरून ठेवतं, पण जड आणि गंजतं. स्टील हलकं, पण चटकन निवतं. रस्त्यावरून वाहनं धावायला लागली, पावसाळा आला, जाळी आली नाही.

मग टेक्सासहून भाचा आला. मामाची हौस म्हणून त्यानं खरीखुरी ट्रेलरवाली शेगडी बॅगेत घालून आणली. घडीचे पाय, वर झाकण, बाजूला फडताळ. भाऊजींनी तिला हळद-कुंकू लावलं. मग कळलं, की तिला लागतो तो पाऊंडभर प्रोपेनचा हिरवा सिलिंडर, जो विमानात आणता येत नाही आणि इकडं मिळत नाही. आपल्या सिलिंडरचं तोंड वेगळं, तिचे आटे वेगळे, रेग्युलेटरचा दाबही वेगळा. एका मेकॅनिकला 'काहीतरी जुगाड करून दे' म्हटलं, तर त्यानं हात जोडले. तो शहाणा होता. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला की उडून जात नाही, गाडीच्या तळाशी बसून काडीची वाट पाहतो. हे स्वतः भाऊजींनीच मला शंभरदा ऐकवलं होतं, म्हणून जुगाडाचा विषय तिथंच मिटला. शेगडी वर्षभर दिवाणखान्यात शोभेला होती. मग ताईनं तिच्यात कांदे भरले. जाळीमुळं कांद्यांना हवा चांगली लागते. हवेचा प्रश्न त्या घरात सुटला तो एवढाच.

मेळघाटात सेमाडोहला नेलं, तर तिथल्या वनरक्षकानं 'व्याघ्र प्रकल्पात विस्तव पेटवायचा नाही' म्हणून सरळ सांगितलं. त्यालाही भाऊजी दहा मिनिटं झाकणबंद शेगडीचे फायदे समजावून देत होते. तो बिचारा ऐकत होता. जंगलात करमणूक कमीच.

आता खरं सांगायचं तर वऱ्हाडाला मुक्कामी जाऊन उघड्यावर रांधायचं अमेरिकेकडून शिकायची काही गरज नाही. परतवाड्याहून बैतुलाकडं जाताना सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमबुवा बसले आहेत. डिसेंबरच्या विसाव्या तारखेच्या आसपास त्यांची यात्रा भरते ती जानेवारी सरेपर्यंत चालते. पूर्वी लोक बंड्या जुंपून यायचे, राहुट्या ठोकायचे, लेकराबाळांसह मुक्काम करायचे. आता बंडीच्या जागी बोलेरो आली. पण मातीच्या हंडीतलं मटण आणि गोवऱ्यांत भाजलेले रोडगे यांच्यासाठी गर्दी लोटते ती लोटतेच. देवदर्शन त्याआधी उरकून घ्यायचं असतं.

तिथं आम्ही गेलो. भाऊजींनी अखेर एक शेगडी घेतली होती. तीच, ब्रीफकेसवाली. शिवाय तिच्याभोवती उभा करायला पत्र्याचा चार पानी आडोसा, ओट्यासारखं घडीचं टेबल, लांब दांड्याचा चिमटा आणि सुती हातमोजे. आजूबाजूच्या लोकांनी तीन विटा मांडल्या, काड्या खुपसल्या, काडी ओढली. आमच्याकडं रुमाल वर गेला. सातपुड्यावरून उतरणारा सांजेचा वारा होता, त्यानं रुमालाचं निशाण केलं. आडोसा उभा केला, तो पडला. माझ्या मुलाला त्याच्या मागं बसवलं. ज्योत टिकली, पण पेंगल्यासारखी. भाऊजींनी कारण सांगितलं. ब्यूटेन उकळतो शून्याच्या जरासा खाली. थंडीत आधीच आळसावतो, आणि वापरताना कॅन स्वतःच आणखी गार पडत जातो. प्रोपेनला ही भीती नाही, तो उणे ४२ ला उकळतो. सगळं बरोबर होतं. तोवर शेजारच्या मंडळींची हंडी खदखदायला लागली होती आणि आमचं वांगं सकाळी वाडीत होतं तसंच होतं.

शेजारची एक म्हातारी बराच वेळ बघत होती. कमरेवर हात ठेवून ती आली, ताईला विचारलं, "जवाईबापू व्हय का?" ताईनं मान हलवली. मग म्हातारीनं भाऊजींसमोर तीन विटा टाकल्या, पायानंच सरकवून चुलीचं तोंड वाऱ्याकडं केलं आणि म्हणाली, "हवेले काऊन भेता बाप्पा? इस्तो काय बिनहवेचा पेटते?"

इतक्या वर्षांत भाऊजींना कुणी हे म्हटलं नव्हतं. मी म्हणू शकत नव्हतो, जावई आहेत. आता भाषण होणार म्हणून आम्ही चटईवर नीट बसलो. पण भाऊजींनी हातमोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चवड्यावर बसले आणि म्हातारीकडं गोवऱ्या मागितल्या.

पुढचं मी पहिल्यांदाच पाहिलं. जाडसर दळलेल्या कणकेत त्यांनी तेलाचं मोहन घातलं, मीठ, ओवा घातला. छोट्या पोळ्या थापल्या, एकीवर एक तेल लावून रचल्या, आणि शेवटची खालून वर ओढून तळहातात गोल बंद केली, कुठंही चीर न ठेवता. गोवऱ्यांचा जाळ बसून लालभडक थर झाला, तसे ते रोडगे त्यात मांडले. चिमटा होता, लांब दांड्याचा, बाजूला पडलेला; तो त्यांनी हातात धरला नाही. बोटांनीच फिरवत होते, चटका बसला की बोट कानाच्या पाळीला लावत होते. झाले तसे एका फडक्यात टाकले, दोन टोकं माझ्या हातात दिली आणि फडकं असं हलवलं, की राख उडून गेली आणि खाली तांबूस रोडगे उरले. पहिला म्हातारीला नेऊन दिला. तिनं फोडला, वाफ पाहिली, तूप ओतलं आणि म्हणाली, "हात बसलेला हाय."

हात बसला होता तो मूर्तिजापूर तालुक्यात. ताईनं परतताना गाडीत हळूच सांगितलं. भाऊजींच्या वडिलांचं वावर होतं तिथं, विहिरीजवळ मोठा निंब. कापूस घरात आला, की निंबाखाली रोडगे. सोयरे, गडीमाणसं, गावचा शिंपी, कुणी वर्ज्य नाही. रोडगे भाजायचं काम भाऊजींचं, वयाच्या बाराव्या वर्षापासून. वडील गेले, वाटण्या झाल्या, महामार्ग रुंद झाला, वावराला भाव आला, भावांनी विकायचं ठरवलं. भाऊजींनी सही केली. निंब तोडला त्या दिवशी बँकेत ऑडिट होतं, ते गेले नाहीत. आता तिथं लेआउट पडलं आहे. म्हणजे माणसाला जागाच उरली नव्हती. म्हणून तो इतकी वर्षं फिरती शेगडी शोधत होता, आणि आम्ही त्याच्या रुमालाला हसत होतो. अर्थात रुमाल हसण्यासारखाच आहे, त्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. बीटीयूबद्दलही नाही.

यंदा भाऊजींनी नवंच काढलं. त्याच लेआउटमध्ये मधोमध नियमाप्रमाणं सोडलेली मोकळी जागा आहे, झोपाळा नि घसरगुंडीवाली. तिथं एक दिवस रोडगे करायचे. त्यासाठी रीतसर अर्ज केला. मला साक्षीला नेलं. रहिवाशांचे सचिव पुण्याहून बदलून आलेले, अतिशय सभ्य. वडिलोपार्जित वावराचं कळल्यावर त्यांनी चहा मागवला, अर्ज पुन्हा वाचला, 'गोवऱ्या' या शब्दापाशी थांबले आणि चष्मा पुसत म्हणाले, "आमची हरकत नाही. पण काका, धूर होणार. हवेचं काय?"

मी भाऊजींकडं बघायचं टाळलं. ते शांतपणे उठले, गॅलरीत गेले, खिशातून रुमाल काढला आणि दोन बोटांत धरला. वारा हायवेकडं चालला होता. सचिवांनी खात्री करून घेतली आणि सही केली. एकच अट घातली: रोडगे पंचावन्न प्लॉटना पुरले पाहिजेत. भाऊजी तेव्हापासून कणकेचा हिशेब करताहेत, आणि एवढं पीठ न्यायला डिक्की पुरेल की नाही, म्हणून टेप पुन्हा निघाला आहे.